मलपृष्ठावरची रिकामी चौकट

पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं आणि प्रकाशकांचा पुण्याहून फोन आला. "मॅडम, फोटो आणि परिचय राहिलाय. मागच्या कव्हरवर चौकट सोडलीय तुमच्यासाठी."

"त्या चौकटीत दुसरं काही घाला ना."

"काय घालू?"

"बसचं चित्र."

"वाचकाला लेखक बघायचा असतो हो. बस कोण बघतंय?"

त्यांनी तरी मला कुठं बघितलं होतं? हस्तलिखित कुरिअरनं गेलं, करार कुरिअरनं आला, बाकीचं सगळं फोनवर. त्यामुळे वाचकाच्या आडून त्यांनाच उत्सुकता असावी असा मला संशय आला. पण पहिलंच पुस्तक, म्हणून मुकाट्यानं शिरूरच्या एका फोटो स्टुडिओत गेले.

फोटोवाल्यानं विचारलं, "पासपोर्टसाठी, स्थळासाठी का फ्लेक्ससाठी?"

"पुस्तकासाठी."

त्याच्याकडे हा प्रकार नव्हता. विचार करून तो म्हणाला, "मग स्थळासारखाच काढू. फक्त हात गालाला लावा." मी हात गालाला लावला. त्यानं मला पेन दिलं. पेन गालात रुतलं. "आता विचार करा," तो म्हणाला. मी विचार केला. फोटो आला तेव्हा त्यात दाढ दुखणारी एक बाई होती आणि तिच्या मागे संगणकातून आणलेलं पुस्तकांचं कपाट. कपाटातली सगळी पुस्तकं इंग्रजी कायद्याची. घरी दाखवला तर नवरा म्हणाला, "वकिलीण बरी दिसतेस." फोटो कपाटात गेला, आमच्या खऱ्या कपाटात, साड्यांच्या खाली.

परिचयाचं त्याहून अवघड. प्रकाशकांनी नमुन्यादाखल दुसऱ्या लेखकांचे चार परिचय पाठवले होते. प्रत्येकाला पुरस्कार, प्रत्येकाचं कुठं ना कुठं अध्यक्षपद. मी आठवून आठवून लिहिलं: कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात घोषवाक्य स्पर्धेत दुसरा क्रमांक. मग वाचलं आणि खोडलं. पहिला क्रमांक असता तर ठेवलं असतं.

पण खरं कारण दाढ नव्हतं आणि घोषवाक्यही नव्हतं. खरं कारण होतं स्कार्फ.

मी रांजणगावच्या एका कंपनीत टाइम ऑफिसात आहे, म्हणजे कोण कधी आलं आणि कोण कधी गेलं हे बघणारी. राहायला शिरूरला. रोज सकाळी कंपनीच्या बसमधून जाते. आमच्याकडे बायका गाडीवर बसताना तोंडाला स्कार्फ बांधतात, धुळीसाठी, उन्हासाठी, थंडीसाठी, आणि खरं सांगायचं तर सवयीसाठी. मी बसमध्येही सोडत नाही, ऑफिसातही एसीच्या गारव्याचं निमित्त करून बांधूनच बसते. ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या सीटवर खिडकीला टेकते, डोळे मिटते. (सीट तिसरी का चौथी, यावर विश्वास ठेवू नका. सगळंच खरं सांगायचं म्हटलं तर उद्या मी प्रवास कसा करू?) सगळ्या बसचं मत असं की टाइम ऑफिसच्या ताई बस सुरू झाली की झोपतात. झोपलेल्या बाईसमोर माणसं काय काय बोलतात! सासूचं, साहेबाचं, इन्क्रिमेंटचं, शेजारणीच्या बोकडाचं. ते ऐकून ऐकून माझ्या गोष्टी झाल्या. पुस्तकभर दुसरं कोणीच नाही, फक्त ही बस आणि तिच्यातली माणसं. नावं बदललेली, नाकं तीच.

आता अशा बाईचा फोटो पुस्तकामागे छापला तर? टाइम ऑफिसच्या खिडकीत रोज दिसणारे डोळे कोणीही ओळखेल. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चिडीचूप. मग मी ऐकू काय, हॉर्न?

शेवटी प्रकाशकांशी तडजोड झाली. फोटो नाही, परिचय एका ओळीचा: "जन्म दौंड तालुक्यात, वास्तव्य शिरूर, नोकरी रांजणगाव." नाव मी माहेरचं घातलं. तेही पुरं नाही, दोन आद्याक्षरं आणि आडनाव. कंपनीत मला सासरच्या आडनावानं ओळखतात, त्यामुळे दार पक्कं बंद झालं असं मी समजले. अर्धवट परिचय हा पुऱ्या परिचयापेक्षा घातक असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुस्तक बसमध्ये आणलं ते क्वालिटीतल्या मॅडमनी. त्या वाचणाऱ्या आहेत आणि जे वाचतात ते इतरांना ऐकवणाऱ्या आहेत. कारेगावच्या अलीकडे गाड्या तुंबल्या, बस जागच्या जागी उभी राहिली, आणि मॅडमनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या डब्यातली चटणी 'बघू जरा' म्हणून संपवणाऱ्या एका माणसाची गोष्ट होती. दोन पानं झाली नाहीत तोच पेंटशॉपमधून आरोळी आली (म्हणजे पेंटशॉपमध्ये काम करणारे जिथं बसतात त्या सीटवरून), "आरं, ह्यो तर आपला वेल्डर!"

वेल्डर म्हणाला, "मी कवा चटणी संपीवली?"

"काल! माझी! जवसाची!"

मग गोष्टीमागून गोष्ट. ही अमकी, तो तमका. बस पुढे सरकली तरी कोणाचं लक्ष नाही. स्कार्फच्या आत मी इतकी खूश होते की झोपेचं सोंग टिकवायला दात आवळून बसावं लागलं. समोर बसून आपलं पुस्तक वाचलं जाताना ऐकायचं, तेही तिकीट न काढता!

मग प्रश्न आलाच. "लिवलंय कुणी?"

मॅडमनी पुस्तक उलटं केलं. "फोटोच नाहीये मागे. नुसती चौकट आहे."

"फोटो न्हाई?" सगळ्यांना हे संशयास्पद वाटलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. आमच्या भागात एखाद्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला तर शुभेच्छा देणाऱ्यांचेसुद्धा फोटो असतात. खाली रांगेनं, गॉगल घालून. अशा मुलखात अख्खं पुस्तक लिहिणारा स्वतःचा फोटो देत नाही म्हणजे काहीतरी भानगड असणारच.

मॅडमनी ती एक ओळ वाचली. जन्म दौंड तालुक्यात. वास्तव्य शिरूर. नोकरी रांजणगाव. मग आडनाव वाचलं.

आणि सगळी बस एकदम मागे वळली.

शेवटच्या सीटवर आमचे स्टोअरचे आप्पा झोपलेले होते. खरेखुरे झोपलेले. राहूच्या पुढच्या एका खेड्यातले, म्हणजे दौंड तालुका. राहायला शिरूरला. आडनाव माझ्या माहेरचंच, त्या बाजूला ते आडनाव दगड मारावा तिथं सापडतं. पहिलं आद्याक्षरही जुळत होतं. दुसरं जुळत नव्हतं, पण पेंटशॉपनं निकाल दिला, "छापणाऱ्याची चूक असंल."

वर एक बिनतोड पुरावा होता. पुस्तकात शेवटच्या सीटवरच्या माणसाची एक गोष्ट आहे. हा माणूस रोज शेजारच्या जागेवर आपली डब्याची पिशवी ठेवतो आणि कोणाला बसू देत नाही. का, तर पूर्वी त्याचा एक मित्र तिथं बसायचा. मित्र नोकरी सोडून गावाला गेला, आणि हा अजून त्याची जागा धरतो. मॅडमनी ती वाचली तेव्हा डोळे पुसले. "स्वतःचं आहे म्हणून इतकं आतलं लिहिता आलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला कसं कळणार?"

टाळ्यांनी आप्पा जागे झाले. "आलं का गेट?"

"आप्पा, लपून लपून पुस्तक लिवता व्हय?"

"मी? मी न्हाई ओ!"

"लेखक असंच म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

पुढचे काही दिवस आप्पा नाही नाही म्हणत राहिले. जितकं नाही म्हणावं तितका त्यांचा मोठेपणा वाढे. "बघा, जरा म्हणून गर्व नाही!" मग त्यांचं नाही म्हणणं बारीक झालं, मग नुसती मान हलवणं, मग तीही नाही. त्यांना चहा यायला लागला. एरवी 'ओ स्टोअर' अशी हाक असायची, आता 'आप्पा, बसा, बसा.' लोक मुद्दाम शेवटच्या सीटपर्यंत जाऊन त्यांना हकिगती सांगू लागले. "हे लिवा आप्पा, लय भारी हाय." आणि त्या हकिगती इतक्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या असायच्या की कोणी लिहूच नये. प्रत्येकजण त्यात शूर आणि प्रत्येकाची बायको गुणी.

मला वाटलं होतं, मी आता उपाशी राहणार. पण झालं उलटंच. ज्यांना खरं बोलायचं होतं ते लेखकापासून लांब म्हणून पुढे येऊन बसू लागले, म्हणजे माझ्याजवळ. "हिकडं बस. तिकडं आप्पा ऐकत्यात. हिकडं काय, ताई झोपल्यात." इतका माल मला आयुष्यात मिळाला नव्हता. आप्पांचा चेहरा माझ्या पुस्तकाला लागला होता आणि तो माझ्या स्कार्फवरचा दुसरा स्कार्फ होता. मी दोन महिने दिवाळी साजरी केली.

मग एक दिवस आप्पा शेवटच्या सीटवरून उठून पुढे आले आणि माझ्या शेजारी बसले. पुढे बसायला आलेली मंडळी लगेच मागे पांगली. कारेगावला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. आप्पा हळूच म्हणाले, "ताई, जाग्या हाय का?"

मी डोळे उघडले.

"तुम्ही झोपून असता, तुम्ही कुणाला काय सांगायच्या न्हाई, म्हणून इचारतो. ते पुस्तक वाचलंय का तुम्ही?"

"वाचलंय."

"मी न्हाई वाचलं." त्यांनी मागे बघितलं. "आन् आता रविवारी गावाकडं शाळंचं गॅदरिंग हाय. माझा सत्कार ठेवलाय. बोलायचं हाय. फ्लेक्स लागलाय ताई! आयकार्डावरचा फोटू मोठा केलाय, आर्धा कंपनीचा शिक्का गालावर आलाय."

"मग सांगायचं ना, मी नाही म्हणून."

"हितं सांगितलं, कुणी ऐकलं? तवा सोडून दिलं. बसातली गंमत बसात राहील म्हनलं. पर आपल्या बसातल्या कुणीतरी गावात फोन केला. आता थोरली बहीण गल्लीभर सांगत फिरती. अन् मी दिवाळीच्या आधी रिटायर व्हणार. हितलं घर सोडून तिकडंच राहायचं हाय. ज्या गावात मरंस्तोवर राहायचं तिथं खोटा म्हणून राहायचं का?"

हे ऐकून माझी गंमत तिथंच थांबली. हे असं माझ्या डोळ्यासमोर आलं नव्हतं. बस ते सोडून जाणार होते, गाव काही सोडता येणार नव्हतं.

"एक करा," ते म्हणाले. "लोक मला म्हणतात, पिशवीचं वाचून रडू आलं. कुठली पिशवी? काय लिवलंय त्या पिशवीचं? तेवढं सांगा."

मी सांगायला लागले. आता सांगायचं म्हणजे मला सांगता येतं. मी सुरुवातीपासून सुरू केलं, शेवटच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन, खिडकीची न लागणारी काच, मित्राचं निरोप घेणं, पिशवीचा निळा बंद. मित्राच्या वाक्याला मित्राचा आवाज काढला. स्कार्फ हलत होता. शेवटचं वाक्य म्हणताना मी थांबायचं तिथं बरोबर थांबले.

आप्पा माझ्याकडे बघत होते. रडत वगैरे नव्हते.

"ताई," ते म्हणाले, "पुस्तक तर तुमच्या हातात न्हाई."

"नाही."

"मग हे तोंडपाठ कसं?"

मागच्या कव्हरवरून मी चेहरा वाचवला होता, आवाज मात्र आवरता आला नाही.

"तुमचं माहेर कुठलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "आन् माहेरचं आडनाव?" तेही सांगितलं.

मला वाटलं, आता ओरडणार. पण ते अगदी साधेपणानं म्हणाले, "म्हंजी तुम्ही स्वतःचा फोटू द्यायला लाजला, आन् माझा आख्खा छापला. इचारलं का मला?"

"नाव बदललं होतं, आप्पा."

"नाव बदललं. पिशवी बदलली का? निळा बंद बदलला का?"

मी स्कार्फची गाठ घट्ट केली.

"आन् ते मित्राचं, ते कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. मी रचलं."

"तरी म्हनलं! मला कोण मित्र? ऐका. मला बसात झोप लागती. झोपेत माझी मान शेजारच्याच्या खांद्यावर पडती. एकदा मॅनेजर साहेबाच्या खांद्यावर पडली होती, लाळ गळली त्यांच्या शर्टावर. तवापासनं पिशवी ठेवतो. एवढंच हाय ते. आन् तुम्ही त्याच्यावर बायकांना रडवलं!"

हे माझ्या गोष्टीपेक्षा इतकं बरं होतं की मला हसू फुटलं. आप्पाही हसायला लागले, आणि मागे बसलेल्या सगळ्यांनी ताईंना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

"रविवारी मी सांगते सगळं," मी म्हटलं. "येते तिथं. स्कार्फ काढून सांगते."

"नका," आप्पा म्हणाले. "माझं मी बघतो. तुम्ही या मात्र."

रविवारी मी आणि नवरा मोटरसायकलवर न्हावऱ्यावरून निघालो, भीमेच्या पुलावरून पलीकडे गेलो. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. गावात शिरल्याबरोबर फ्लेक्स दिसला. आप्पा, गालावर अर्धा शिक्का, वर 'सुप्रसिद्ध साहित्यिक'. खाली शुभेच्छुकांची रांग, ज्यातल्या कोणी ते पुस्तक बघितलं असेल याची मला खात्री नव्हती. शाळेच्या मैदानात मांडव. मी बायकांत बसले, तोंड बांधलेलंच. पहिल्या रांगेत आप्पांची बहीण होती, नऊवारी, डोक्यावर पदर, आणि आजूबाजूला बसलेल्यांना ती अजूनही सांगतच होती.

मुलांचे नाच झाले. आप्पांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी त्यांना माइक दिला.

आप्पा म्हणाले, "हे पुस्तक मी लिवलेलं न्हाई."

माइक चांगला होता, सगळ्यांना ऐकू गेलं. बहिणीचा हात तोंडाकडे गेला. मी स्कार्फची गाठ सैल केली, म्हटलं, गरज पडली तर उठायचं.

"आडनाव एक पडलं म्हणून लोकांनी मला लेखक केलं. मी आधी न्हाई म्हनलो, मग चहा प्यालो. पर मी न्हाई. मात्र," इथं ते थांबले, आणि शपथेवर सांगते, मी थांबले असते तिथंच थांबले, "ह्या पुस्तकात मी हाय. शेवटच्या सीटवरचा माणूस, तो मी. पिशवी माझी. बंद निळा."

आणि त्यांनी खांद्यावरच्या शबनममधून खरीच ती पिशवी काढून दाखवली.

बहीण बसल्या जागेवरून म्हणाली, "मग वाचा की ओ गुरुजी! काय लिवलंय माझ्या भावाबद्दल?"

गुरुजींनी टेबलावरचं पुस्तक उघडून वाचलं. गुरुजी गोष्ट चांगली वाचतात. मित्र निरोप घेतो त्या ठिकाणी आले तसे आप्पा माइकवर म्हणाले, "हे खोटं हाय," आणि मॅनेजरच्या शर्टाची हकिगत सांगितली. मांडव इतका हसला की गॅसचे फुगे विकणारा आत बघायला आला. माझ्या गोष्टीला इतकं कोणी कधी हसलं नव्हतं, आणि जिथं हसले ते वाक्य माझं नव्हतं. जरा झोंबलं. पण मी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष म्हणून बसलेले एक वयस्कर गृहस्थ उठले. "लिहिणारे लय असत्यात," ते म्हणाले. "पर आपल्या गावातला माणूस पुस्तकात गेला, ही पहिलीच वेळ." आणि सत्कार तसाच पुढे चालू राहिला. बहिणीला तर हे जास्तच पसंत पडलं. भाऊ लिहितो, यात तिला काही कळत नव्हतं. भावाबद्दल कोणी लिहितं, हे तिला बरोबर कळलं.

कोणीतरी विचारलंच, "मग लेखक कोण?"

"मला म्हाईत हाय," आप्पा म्हणाले. "पर सांगणार न्हाई. पुस्तकावर फोटू न्हाई, म्हंजी त्यांना दाखवायचा नसंल. माझा दाखवायला माझी हरकत न्हाई, म्हणून मी उभा राहिलो."

माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं. "कोण असंल ओ?"

"काय माहिती," मी म्हटलं.

परतताना बघितलं तर फ्लेक्सवर कोणीतरी शिडी लावून 'साहित्यिक'वर पांढरा कागद चिकटवला होता. आप्पा आता नुसतेच सुप्रसिद्ध होते.

सोमवारी बस आप्पांवर तुटून पडली. "फसवलं आम्हाला!"

"मी कवा म्हनलो, मी लेखक? तुम्हीच म्हनला. चहा परत मागू नका."

काही महिन्यांनी प्रकाशकांचा पुन्हा फोन. दुसरी आवृत्ती निघणार होती. "मॅडम, आता तरी फोटो. वाचक विचारतात." मी बघते म्हटलं. साड्यांखालचा फोटो काढून पाहिला. दाढ अजून दुखत होती.

आणि त्याच आठवड्यात आप्पांचा शेवटचा दिवस आला. सुट्टी झाल्यावर सगळे बससमोर फोटोसाठी जमले. आप्पा मध्ये, फेटा, हार, हातात निळ्या बंदाची पिशवी. मोबाइल ड्रायव्हर मामांच्या हातात दिला. मी नेहमीप्रमाणे कडेला, स्कार्फसकट.

आप्पा मोठ्यानं म्हणाले, "ताई, आज तरी तोंड सोडा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पा अगदी साळसूद चेहऱ्यानं उभे होते. त्यांच्या डोळ्यांत मात्र तेच होतं, इचारलं का मला?

मी गाठ सोडली. स्कार्फ काढून पिशवीत घातला.

क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या, "अगं बाई! तुम्ही अशा दिसता होय?"

वेल्डर म्हणाला, "मला वाटलं वयानं जास्त असतील."

बस एवढंच. मामांनी फोटो काढला.

तो फोटो पुस्तकाच्या मागे घालायचं माझ्या मनात त्याच क्षणी आलं, पण या वेळी विचारायचं होतं. विचारायला मी आप्पांना पुढे केलं. त्यांनी घरी बसून एकेकाला फोन केले, "लेखकाचा निरोप हाय, बसचा फोटू पुस्तकावर छापायचा म्हणतायत. हरकत?" हरकत कोणाचीच नव्हती. फक्त मॅडमचे डोळे मिटले होते, त्यांना दुसरा फोटो हवा होता. दुसऱ्यात वेल्डरचे मिटले होते. शेवटी मॅडमचे उघडे ठेवले.

प्रकाशक म्हणाले, "यातल्या तुम्ही कोणत्या?"

"छापा आधी," मी म्हटलं.

छापलं. नवी प्रत बसमध्ये आली, फोटो हातोहात फिरला, आणि कारेगावच्या तुंबलेल्या रस्त्यात पेंटशॉपनं प्रश्न घेतला. लेखक आपल्याच बसमधला, हे आता नक्की. फोटो द्यायला लाजणारा, हेही नक्की. मग या फोटोत आपल्यातलं कोण नाही?

सगळ्यांनी एकेक चेहरा मोजला. सगळे होते. मी होते, उघड्या तोंडानं, पहिल्या रांगेत.

"फोटो काढला कुणी?" मॅडमनी विचारलं.

सगळी बस पुढे वळली. आरशात ड्रायव्हर मामांचे डोळे दिसत होते.

"आरशातून सगळं बघतो की ह्यो! रोज! आडनाव काय, खोटं घातलं असंल!"

"मी न्हाई ओ," मामा म्हणाले.

तेव्हापासून मामांच्या मागच्या सीटवर कोणी बसत नाही. खरं बोलायचं असलं की लोक शेवटच्या सीटकडे जातात. जाताना आप्पांनी ती सीट माझ्या नावावर केली होती. काल मी तिथं टेकले, शेजारी पिशवी ठेवली. कॅन्टीनमधली एक बाई धापा टाकत आली. "पिशवी उचला ताई, जागा द्या. काय झालंय ते सांगते, पण त्या मामाला ऐकू जायला नको."

मी पिशवी मांडीवर घेतली, स्कार्फ नीट केला आणि डोळे मिटले.